शाळेला १० पैकी १०! पण हे गुण नेमके कुणाचे?

ऑनसाइट मिळालं, व्हिसाचा शिक्का बसला, तिकिटं आली. न्यू जर्सीला निघालेल्या मराठी कुटुंबाचा पुढचा मेसेज ठरलेला असतो. तिथल्या ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो, "घर कुठे बघू? मुलगी सहावीत आहे."

उत्तरं धडाधड येतात. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर. आणि प्रत्येक नावाच्या मागे एक आकडा. इथली मिडल स्कूल ९, तिथली १०, पलीकडची ६ पण भाडं कमी.

हा आकडा म्हणजे शाळेचं ऑनलाइन रेटिंग. 'ग्रेटस्कूल्स' ही अमेरिकन संस्था शाळांना १ ते १० असं रेटिंग देते आणि 'झिलो'सारख्या घरं शोधण्याच्या साइट्स ते घराच्या किमतीशेजारी दाखवतात. म्हणजे घर बघता बघता शाळा दिसते, आणि शाळा बघता बघता घर ठरतं.

पण १० पैकी १० मिळवणारी शाळा खरंच चांगलं शिकवते, की तिच्याकडे आधीच तयारीची मुलं येतात? न्यू जर्सीतल्या एका उपनगराच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

बटाट्याच्या शेतातून शाळांच्या गावाकडे

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुंबईत उपनगर म्हटलं की अंधेरी-बोरिवलीची गर्दी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतलं उपनगर वेगळं असतं. मोकळी जागा, बंगलेवजा घरं, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं स्थानिक प्रशासन, स्वतःचा कर आणि बहुतेक वेळा स्वतःच्या सरकारी शाळा. न्यू जर्सी हे लहानसं राज्य, पण तिथे सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट्स आहेत.

त्यातलंच एक आहे वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो. प्रिन्स्टन विद्यापीठाला लागून असलेल्या या दोन गावांचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. १९७० साली प्लेन्सबरोची लोकसंख्या जेमतेम १,६०० होती. आजूबाजूला शेतं आणि गोठे. पुढे मोठ्या कंपन्यांची ऑफिसं आली, अपार्टमेंट्स उभी राहिली, आणि २०२० च्या जनगणनेत हाच आकडा २४ हजारांच्या वर गेला. वेस्ट विंडसरमध्ये प्रिन्स्टन जंक्शन हे रेल्वे स्टेशन आहे. तिथून न्यूयॉर्कला थेट लोकल जाते. त्यामुळे आयटी, बँका आणि औषध कंपन्यांत काम करणारी कुटुंबं इथे येत गेली.

यात भारतीय आणि चिनी कुटुंबांचा वाटा मोठा. २०१० च्या जनगणनेत प्लेन्सबरोत सुमारे ४६ टक्के आणि वेस्ट विंडसरमध्ये सुमारे ३८ टक्के लोक आशियाई वंशाचे होते. शाळांतलं चित्र याहून ठळक होतं. २०१५ पर्यंत डिस्ट्रिक्टच्या सुमारे ९,७०० विद्यार्थ्यांपैकी ६५ टक्के आशियाई-अमेरिकन होते. नव्याने येणारी कुटुंबं तरुण असतात, त्यांची मुलं शाळेच्या वयाची असतात. जुन्या रहिवाशांची मुलं बऱ्याचदा शिकून बाहेर पडलेली असतात. म्हणून गावापेक्षा शाळा आधी बदलते.

डिस्ट्रिक्टमध्ये दोन मिडल स्कूल आहेत, प्लेन्सबरोत 'कम्युनिटी' आणि वेस्ट विंडसरमध्ये 'थॉमस ग्रोव्हर'. राज्याच्या चाचण्यांमध्ये दोन्हींचे निकाल राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर असतात.

सगळ्यांचं लक्ष मिडल स्कूलवरच का?

मिडल स्कूल म्हणजे इथे सहावी ते आठवी. मुलं ११ ते १४ वयाची. या तीन वर्षांना दोन कारणांनी वजन आहे.

पहिलं कारण चाचण्यांचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी भाषा आणि गणिताची चाचणी घ्यावीच लागते. म्हणजे मिडल स्कूलचा प्रत्येक वर्ग मोजला जातो. न्यू जर्सीच्या चाचणीत ६५० ते ८५० या पट्टीवर गुण मिळतात आणि ७५० ला 'अपेक्षा पूर्ण' असा शेरा मिळतो. शाळेतल्या किती टक्के मुलांनी ७५० चा टप्पा गाठला, हा आकडा जाहीर होतो. ऑनलाइन रेटिंगमध्ये अशा चाचण्यांच्या निकालांना मोठं स्थान असतं.

दुसरं कारण गणिताचं. आठवीत बीजगणिताचा 'अल्जिब्रा वन' हा कोर्स झाला, तर नववीत भूमिती, दहावीत पुढचं बीजगणित, अकरावीत प्री-कॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस अशी गाडी वेळेवर पोहोचते. इंजिनिअरिंगचं स्वप्न बघणाऱ्या पालकांसाठी ही गाडी सहावीतच सुटते. एकदा चुकली तर नंतर पकडता येते, पण धावपळ होते.

गुण येतात कुठून?

१९६६ साली अमेरिकी सरकारने समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा अभ्यास करून घेतला. सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती गोळा झाली. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांतल्या फरकामुळे गुण बदलत असतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. हाती आलं ते निराळंच. गुणांमधल्या फरकाचा सर्वांत मोठा संबंध मुलाच्या घराशी होता. आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न, घरातली पुस्तकं. त्यानंतर या अभ्यासावर बरेच वाद झाले, पण घर आणि गुण यांचं नातं पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

आता हे वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोला लावून बघा. 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०१९ च्या माहितीवरच्या विश्लेषणानुसार अमेरिकेतल्या २५ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७५ टक्के जण किमान पदवीधर आहेत. संपूर्ण अमेरिकेत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के. याचा अर्थ भारतीय मुळातच हुशार असतात असा काढायचा मोह होतो. पण संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग या अभ्यासकांनी 'द अदर वन पर्सेंट' या पुस्तकात यामागची चाळणी दाखवली आहे. आधी भारतातच जात आणि वर्ग यांच्या जोरावर उच्चशिक्षणापर्यंत पोहोचणारे थोडे. मग प्रवेश परीक्षांमधून निवडले जाणारे त्याहून थोडे. आणि शेवटी एच-१बीसारख्या व्हिसातून कौशल्य बघून आत घेतले जाणारे आणखी थोडे.

थोडक्यात, कम्युनिटी किंवा ग्रोव्हरमध्ये सहावीत बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी निदान एक इंजिनिअर जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक शिकवत असतो. वर शनिवार-रविवारी गणिताचे क्लासेस. शाळेच्या निकालात ही सगळी मेहनत मोजली जाते, पण श्रेय जातं फक्त शाळेच्या नावावर.

आपल्याकडेही हे नवीन नाही. 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फ्लेक्स शाळेबाहेर लागतो. पण कच्च्या मुलांना नववीतच 'दुसरीकडे बघा' सांगितलं होतं का, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

सरासरीचा चकवा

हा मुद्दा आकड्यांत पाहिला की लगेच कळतो. समजा दोन शाळा आहेत. दोन्हींत १०० मुलं.

शाळा 'अ' मध्ये ९० मुलं सुस्थितीतल्या घरांतली आणि १० गरीब घरांतली. सुस्थितीतल्यांपैकी ८० टक्के म्हणजे ७२ मुलं अपेक्षित पातळी गाठतात. गरीब घरांतल्यांपैकी ३० टक्के, म्हणजे ३. एकूण ७५ टक्के.

शाळा 'ब' मध्ये ४० मुलं सुस्थितीतली आणि ६० गरीब घरांतली. सुस्थितीतल्यांपैकी ८५ टक्के म्हणजे ३४ जण पातळी गाठतात. गरीब घरांतल्यांपैकी ४० टक्के, म्हणजे २४. एकूण ५८ टक्के.

यादीत 'अ' वर, 'ब' खाली. पण नीट बघा. सुस्थितीतलं मूल 'ब' मध्ये जास्त यशस्वी होतंय आणि गरीब घरातलं मूलही 'ब' मध्येच जास्त यशस्वी होतंय. दोन्ही गटांसाठी चांगली असलेली शाळा यादीत मागे पडली, कारण तिच्यात गरीब मुलं जास्त आहेत.

म्हणूनच अमेरिकेत शाळेचा निकाल गटवार जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. गरीब घरांतली मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, विशेष गरजा असलेली मुलं, वेगवेगळ्या वंशांची मुलं, प्रत्येक गटाचा निकाल वेगळा. पण १० पैकी किती हा एकच आकडा बघणारे तिथपर्यंत जात नाहीत.

दोन स्टेशनं पुढे

प्रिन्स्टन जंक्शनहून लोकलने उलट दिशेला निघालं की हॅमिल्टन लागतं आणि त्यानंतर ट्रेंटन. ट्रेंटन ही न्यू जर्सीची राजधानी. तिथल्या सरकारी शाळांत बहुसंख्य मुलं लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, आणि बरीचशी गरीब घरांतली. वेस्ट विंडसर आणि ट्रेंटन एकाच काउंटीत आहेत. चाचण्यांच्या निकालात मात्र त्यांच्यात प्रचंड अंतर आहे.

ट्रेंटनला पैसे कमी मिळतात म्हणून असं होतं का? हे उत्तर पुरेसं नाही. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो आणि न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जड मानली जाते. त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची गरीब, असं व्हायला नको म्हणून तिथे 'ॲबट विरुद्ध बर्क' हा खटला वर्षानुवर्षं चालला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून एकामागून एक आदेश देऊन गरीब डिस्ट्रिक्ट्सना राज्याचा निधी वाढवायला लावला. १९९८ मध्ये तिथल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवाडीचाही आदेश झाला. या ३१ डिस्ट्रिक्ट्समध्ये ट्रेंटन आहे.

निधी आला, त्याचा उपयोगही झाला. पण कोण कुठे राहतं हे बदललं नाही. न्यू जर्सीत साधारणपणे ज्या गावात राहता त्याच गावाच्या सरकारी शाळेत जावं लागतं. आणि गावात राहायचं तर तिथलं घर परवडायला हवं. या नियमामुळे शाळा वंशानुसार वेगळ्या पडतात, असं म्हणत २०१८ मध्ये काही संघटना आणि कुटुंबं न्यायालयात गेली.

घरांचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये 'माउंट लॉरेल' खटल्यात दिला. वेस्ट विंडसरनेही हा वाद अनुभवला. अशा घरांसाठी गावाने पुरेशी जागा मोकळी केली नाही म्हणून एका बिल्डर कंपनीने खटला भरला आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे मिडल स्कूलच्या वर्गात कोण बसणार, याचा निर्णय शाळेत होतच नाही. तो बांधकामाच्या नकाशावर आणि घराच्या किमतीत होतो.

चक्र कसं फिरतं?

अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या उपनगरांचा अभ्यास केला. एकाच भागातली पण शाळेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याड असलेली घरं त्यांनी तपासली. चाचणीचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असं दिसलं.

पुढचं सोपं आहे. रेटिंग चांगलं, म्हणून घर महाग. घर महाग, म्हणून फक्त चांगल्या पगाराची कुटुंबं येणार. त्यांची मुलं चाचणीत पुढे, म्हणून रेटिंग आणखी चांगलं. शाळेने यात काही केलं नाही तरी चक्र फिरत राहतं. रेटिंग्ज ऑनलाइन मिळायला लागल्यावर श्रीमंत आणि गरीब वस्त्यांमधलं अंतर वाढलं, असं पुढच्या एका अभ्यासातही आढळलं. या टीकेनंतर २०२० मध्ये ग्रेटस्कूल्सने आपलं सूत्र बदलून मुलांच्या प्रगतीला जास्त वजन दिलं.

आणि मग ते पत्र आलं

चाचण्यांचे आकडे उत्तम होते. तरीही २०१५ च्या शरद ऋतूत वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे तत्कालीन सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. आधीच्या शैक्षणिक वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्य तपासणी करावी अशी शिफारस झाली होती. त्यातल्या ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं.

त्याच काळात डिस्ट्रिक्टने काही बदल केले. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद झाल्या. वर्षातल्या काही रात्री गृहपाठमुक्त ठरल्या. चौथीपासून सुरू होणारा प्रगत गणिताचा कार्यक्रम सहावीवर, म्हणजे मिडल स्कूलवर नेला. या कार्यक्रमातली सुमारे ९० टक्के मुलं आशियाई-अमेरिकन होती.

यावरून पालकांमध्ये उघड दोन तट पडले. ढोबळमानाने बरेच गोरे पालक बदलांच्या बाजूने, तर बरेच आशियाई स्थलांतरित पालक विरोधात. 'मुलांवरचं ओझं कमी करा' असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की, आम्ही इथे ओळखीपाळखीशिवाय आलो, शिक्षण हीच आमची एकमेव शिडी, तिच्या पायऱ्या का काढता? काही आशियाई पालकांनी बदलांना पाठिंबाही दिला, त्यामुळे हा वाद सरळसोट वंशाचा नव्हता. पण त्या १२० मुलांची गोष्ट कोणत्याच रेटिंगमध्ये दिसली नव्हती, हे दोन्ही बाजूंना मान्य करावं लागलं असतं.

मग बघायचं काय?

न्यू जर्सीचा शिक्षण विभाग प्रत्येक सरकारी शाळेचा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' वेबसाइटवर मोफत देतो. त्यात चार गोष्टी बघता येतात.

१. प्रगती. राज्य प्रत्येक मुलाची तुलना आधीच्या वर्षांत साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांशी करतं आणि १ ते ९९ मध्ये स्थान देतं. शाळेचा मधला आकडा ५० च्या आसपास असेल तर मुलं त्यांच्यासारख्या इतर मुलांइतकीच पुढे सरकतायत. बराच वर असेल तर शाळेत काहीतरी चांगलं घडतंय. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या कोट्यवधी चाचण्यांचा अभ्यास केला. सरासरी गुण आणि प्रगती यांचा फारसा संबंध नाही, असं त्यात दिसलं. शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं तिसरीत देशाच्या मागे होती, पण पुढच्या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकं शिकली. हा आकडाही एका वर्षाचा बघू नये, दोन-तीन वर्षांचा बघावा. लहान शाळेत तो वरखाली होतो.

२. गटवार निकाल. आपल्या मुलासारखी मुलं त्या शाळेत कशी आहेत? मूल इंग्रजीत कच्चं असेल किंवा त्याला शिकताना जादा मदत लागत असेल, तर शाळेच्या सरासरीपेक्षा त्या गटाचा निकाल जास्त बोलतो.

३. गैरहजेरी. वर्षातले १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती? हा आकडा वाढत असेल तर मुलांना शाळेत यावंसं का वाटत नाही, हे विचारायला हवं.

४. आठवीचं गणित जपून वाचा. आठवीत 'अल्जिब्रा वन' घेणारी मुलं आठवीच्या गणिताची नव्हे, तर अल्जिब्राची चाचणी देतात. म्हणजे गणितातली पुढची मुलं आठवीच्या आकड्यातून आधीच बाहेर पडलेली असतात. त्यामुळे उत्तम शाळेचाही आठवीचा गणिताचा निकाल पडलेला दिसू शकतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले तरच खरं चित्र कळतं.

शिवाय शाळेला थेट विचारण्यासारखे प्रश्न आहेतच. समुपदेशक किती मुलांमागे एक? सहावीत गणिताचा वर्ग कशावरून ठरतो, आणि मध्येच बदलता येतो का? नव्याने आलेल्या मुलाला कोण सोबत करतं?

१० रेटिंगची शाळा वाईट, असा याचा अर्थ नाही. कम्युनिटी आणि ग्रोव्हरमधून दरवर्षी शेकडो मुलं चांगली तयारी करून बाहेर पडतात. पण ६ रेटिंगच्या शाळेतही तुमचं मूल तितकंच, कदाचित जास्त पुढे जाऊ शकतं, आणि वाचलेल्या भाड्यात घरी जरा निवांतपणा येऊ शकतो.

तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी "मुलगी सहावीत आहे, घर कुठे घेऊ?" असा मेसेज आला, तर आकडा पाठवण्याआधी एक प्रश्न विचारून बघा. मुलगी कशी आहे?